अकरावीला गणित सोडू की बायोलॉजी? प्रवेशाची पावती फाडण्याआधी पात्रतेची ओळ वाचा

मे महिन्यात दिंडोरी तालुक्यात द्राक्षांची खरडछाटणी उरकलेली असते, वेलींवर नवी फूट असते आणि त्याच सुमारास दहावीचा निकाल लागतो. २०२५ साली तो १३ मे रोजी लागला. मग आठवडाभर घरोघरी दोनच प्रश्न. किती टक्के पडले? आणि सायन्सला घालायचं की कॉमर्सला?

तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. त्या शाखेत नेमके कोणते विषय घ्यायचे? हा प्रश्न बहुतेक वेळा कॉलेजच्या खिडकीपाशी, फी भरता भरता दहा मिनिटांत सुटतो. मैत्रिणीने जॉग्रफी घेतली म्हणून आपणही घेतली. मामाचा मुलगा म्हणाला गणित डोक्यावरून जातं, म्हणून गणित सोडलं. दोन वर्षांनी बारावी पास झाल्यावर एखाद्या कोर्सची माहितीपुस्तिका उघडली की त्यात एक ओळ असते: ‘उमेदवार बारावीत अमुक विषयांसह उत्तीर्ण असावा.’ तोवर गुणपत्रिका छापून झालेली असते.

द्राक्षवाल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. घड फेब्रुवारीत खुडायचे असले तरी ते किती लागणार हे खरडछाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीमध्ये ठरून गेलेलं असतं.

बारावीच्या सहा विषयांचा हिशेब

राज्य मंडळाच्या बारावीला ६०० गुणांचे सहा विषय असतात. इंग्रजी सक्तीचं. दुसरी जागा भाषेची: मराठी, हिंदी, संस्कृत वगैरे, किंवा तिच्याऐवजी आयटी. उरलेले चार विषय शाखेप्रमाणे. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण आहेत, पण त्यांची श्रेणी मिळते.

सायन्सला फिजिक्स आणि केमिस्ट्री जवळपास सगळेच घेतात. राहिल्या दोन जागा, आणि सगळी गंमत तिथेच आहे. गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतले की ‘पीसीएमबी’. गणित ठेवून बायोलॉजी सोडलं की ‘पीसीएम’, बायोलॉजी ठेवून गणित सोडलं की ‘पीसीबी’. सोडलेल्या विषयाच्या जागी भूगोल, मानसशास्त्र असा एखादा विषय येतो. भूगोल का? कारण त्यात गुण पडतात, असं सगळे सांगतात.

चौथा प्रकार बायफोकलचा. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स, ॲनिमल सायन्स अँड डेअरी असे हे २०० गुणांचे व्यावसायिक विषय. २०० गुण म्हणजे दोन विषयांची जागा. त्यामुळे दुसरी भाषा जाते आणि चार ऐच्छिक विषयांतला एक जातो. ‘मला कॉम्प्युटर मिळालं’ या आनंदात बायोलॉजी गेलं, हे काहींच्या नंतर लक्षात येतं.

ऑनलाइन अर्जात शाखा असते, विषय नाही

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरी भागांपुरतीच होती. म्हणजे नाशिक शहरातल्या मुलांना ती सवयीची होती, पण शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या दिंडोरीला नवीन. त्या वर्षी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० पसंतीक्रम भरता येत होते. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागत होता, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

इथे एक बारीक खाच आहे. पसंतीक्रमात तुम्ही कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडता. गणित, बायोलॉजी, आयटी हे ठरतं कॉलेज लागल्यावर, प्रत्यक्ष प्रवेश घेताना. आणि प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषय नसतो. लहान गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आणि मान्यता ज्या विषयांची, तेच मिळणार. आयटी नसेल, बायफोकल नसेल, कॉमर्सला गणित नसेल. पहिल्या पसंतीला असं कॉलेज टाकलं आणि ते लागलं, तर हवा तो विषय तिथे नाही आणि फेरीतून मागेही फिरता येत नाही, अशी कात्री होते.

म्हणून पसंतीक्रम भरण्याच्या आधी कॉलेजात जाऊन किंवा फोन करून एवढंच विचारा: ‘तुमच्याकडे अकरावीला कोणकोणते विषय शिकवले जातात?’ कटऑफ किती, हे नंतर विचारा.

विषयासाठी गाव सोडून नाशिकला जावं का, हा दिंडोरीकरांचा कायमचा प्रश्न. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि मुलांना सवलतीत मिळतो, त्यामुळे भाड्याचा बोजा मोठा नाही. वेळेचा आहे. वणीच्या पलीकडून किंवा पश्चिमेच्या पाड्यांवरून रोज नाशिक करायचं तर दिवसाचे तीन-चार तास जातात. गावाजवळच्या कॉलेजात हवा तो विषय आणि तो नीट शिकवणारे सर असतील, तर शहरातल्या नावासाठी रोजचे चार तास घालवू नयेत, असं मला वाटतं.

एकाच विषयात अर्धे गुण

विषय निवडताना मुलं बारावीच्या टक्क्यांचा विचार करतात. पण इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी आणि शेतीच्या पदवीला जागा मिळते ती प्रामुख्याने प्रवेश परीक्षेच्या जोरावर.

राज्याची एमएचटी-सीईटी २०० गुणांची. पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे १०० गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला मिळून १००. पीसीबी गटातही तसंच, बायोलॉजीला १०० आणि बाकी दोघांना मिळून १००. नीट ७२० गुणांची, त्यात बायोलॉजीला ३६०. म्हणजे ज्या विषयाबद्दल तुम्ही खिडकीपाशी ‘ठेवू की सोडू’ करत होता, तो पुढे निम्मी परीक्षा असतो.

याचा अर्थ उलट बाजूनेही लावून बघा. गणित अजिबात झेपत नाही, तरी ‘असू द्या’ म्हणून पीसीएम घेतलं, तर निम्म्या गुणांचा पेपर नावडत्या विषयाचा झाला. नुसता विषय गुणपत्रिकेवर असणं आणि त्यात टिकणं यांत फरक आहे.

सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीच्या निवडक धड्यांवर असतो, ८० टक्के बारावीवर. नीटमध्ये दोन्ही वर्षं सारखीच महत्त्वाची. ‘अकरावी म्हणजे आराम’ ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. नीट देणाऱ्याला ती फार महागात पडते.

गणित सोडलं तर काय जातं?

इंजिनिअरिंग जातं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पदवीला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतं, त्यासोबत केमिस्ट्री किंवा यादीतला दुसरा एखादा विषय, आणि या तिन्हींत मिळून खुल्या गटाला किमान ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के.

‘आता इंजिनिअरिंगला गणित लागत नाही’ असा एक मेसेज दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतो. तो कुठून आला? मार्च २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, प्रवेशाचे नियम सैल केले. १४ विषयांची यादी दिली आणि त्यातले कोणतेही तीन असले तरी चालतील असं म्हटलं. त्याच्या बातम्या झाल्या. पण ती मुभा होती, सक्ती नव्हती. राज्यांना आणि विद्यापीठांना आपले नियम ठेवता येत होते, आणि पुढच्या वर्षी परिषदेने स्वतःच ही सूट मोजक्या अभ्यासक्रमांपुरती आवळली. बातमी जुनी झाली, मेसेज मात्र अजून तरुण आहे. त्याच्यावर विसंबून गणित सोडू नका.

गणिताशिवाय आणखीही दारं बंद होतात, आणि ती पटकन डोळ्यांसमोर येत नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला बारावीचं गणित लागतं. आर्किटेक्चरला लागतं. मर्चंट नेव्हीच्या नॉटिकल सायन्सला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं. एनडीएत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. शिवाय एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात, आणि ते आर्ट्सवाल्यालाही सोडवावे लागतात. मुलींना ही परीक्षा २०२१ पासून खुली झाली आहे, त्यामुळे हा हिशेब आता त्यांनीही करायचा आहे.

बायोलॉजी सोडलं तर?

नीटवर चालणारं सगळं जातं: एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी. पशुवैद्यकीय पदवीही महाराष्ट्रात नीटवरच मिळते. ज्या घरात गोठा आहे आणि मुलगी ‘मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय’ म्हणते, तिथे हे आधीच माहीत असलेलं बरं. बी.एस्सी. नर्सिंगलाही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं.

नाशिकहून दिंडोरी रोडने येताना म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. राज्यातल्या डॉक्टर आणि नर्सच्या पदव्यांचा कारभार १९९८ पासून तिथून चालतो. तालुक्यातल्या कित्येक पोरी एसटीच्या खिडकीतून ते रोज बघतात.

फार्मसी मात्र दोन्ही बाजूंनी उघडी आहे. बी.फार्म. आणि डी.फार्म. दोन्हींना पीसीएम चालतं आणि पीसीबीही. ‘मेडिकल टाकायचंय म्हणून बायोलॉजी’ असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं की मेडिकल म्हणजे हॉस्पिटल की औषधाचं दुकान. दुकानासाठी फार्मसी लागते, आणि तिला बायोलॉजी नसलं तरी अडत नाही.

आणि शेतीकडे जायचं असेल तर?

दिंडोरीत हा प्रश्न सगळ्यात खरा आहे आणि गैरसमजही इथेच जास्त. ‘ॲग्रीला जायचं म्हणजे बायोलॉजीच’ असं सरसकट सांगितलं जातं. प्रत्यक्षात चार वर्षांच्या बी.एस्सी. कृषीला बारावी सायन्सचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही गट चालतात, आणि सीईटीही कोणत्याही गटातून देता येते. ज्याचं गणित पक्कं आहे त्याने केवळ ॲग्रीसाठी ते सोडायची गरज नाही.

उलट, कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.ला गणित लागतंच. ठिबकची रचना, ट्रॅक्टरची अवजारं, शेततळी, शीतगृहं, काढणीनंतरची हाताळणी हा सगळा त्या शाखेचा अभ्यास. द्राक्षपट्ट्यात या माणसांची गरज किती आहे ते वेगळं सांगायला नको. तरी ‘आम्ही शेतकरी, आम्हाला गणित कशाला’ म्हणून ते सोडलं जातं. मला यातली ही चूक सर्वात जास्त खटकते, कारण ती हौसेने केली जाते.

दिंडोरी तालुक्यातल्याच मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे. द्राक्षांची निर्यात आणि टोमॅटोसारख्या मालावरची प्रक्रिया तिथे चालते. अशा ठिकाणी फक्त कृषी पदवीधर लागतात असं नाही. मालातला औषधांचा अंश तपासायला केमिस्ट्री शिकलेला माणूस लागतो, प्रक्रियेच्या लाईनवर फूड टेक्नॉलॉजी आणि मेकॅनिकलवाला, परदेशी बिलांसाठी कॉमर्सवाला, बागांची माहिती सांभाळायला कॉम्प्युटरवाला. वायनरीत सूक्ष्मजीवशास्त्र लागतं. शेतीजवळ राहायचं असेल तर शेतीच्याच पदवीचा एक रस्ता आहे असं धरून विषय निवडू नका.

क्रॉप सायन्स किंवा डेअरीसारखा बायफोकल विषय घ्यावा का? जवळच्या कॉलेजात तो मनापासून शिकवला जात असेल आणि शेतात रोज राबणाऱ्या मुलाला त्यात रस असेल तर जरूर. फक्त त्यापायी कोणता विषय सुटतोय ते आधी लिहून काढा. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्याच्या आधारे भारांक मिळतो. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत त्याचा नियम बघा आणि उतारा कोणाच्या नावावर हवा हे वेळेत तपासा. बारावीनंतर तलाठी कार्यालयात धावपळ करण्यापेक्षा ते सोपं.

मग दोन्ही घेऊन टाकू?

पीसीएमबी घेतलं की कोणतंच दार बंद होत नाही, हे खरं. सीईटीचे दोन्ही गट देता येतात. पण किंमत आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी हे चारही मोठे विषय, प्रॅक्टिकलच्या वह्या, आणि अभ्यास दोन वेगळ्या परीक्षांचा. त्यात बारावीची लेखी परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा घरच्या बागेत खुडणी जोरात असते आणि पॅकहाऊसला माणूस कमी पडतो.

माझं मत असं: ज्याला डॉक्टर की इंजिनिअर हे खरोखर ठरवता येत नाही आणि दहावीला गणित व विज्ञान दोन्ही चांगलं गेलंय, त्याने पीसीएमबी घ्यावं. ज्याचं ठरलंय त्याने उगाच घेऊ नये. आणि ज्याला कशाचीच खात्री नाही पण गणित बऱ्यापैकी जमतं, त्याने निदान गणित तरी ठेवावं. गणित नंतर एकट्याने, वर्गाबाहेर शिकणं बायोलॉजीपेक्षा कठीण जातं.

कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांचं काय?

कॉमर्समध्ये साधारण निवड असते गणित की एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. एसपी सोपं, म्हणून गर्दी तिकडे. बी.कॉम.ला त्याने काही अडत नाही. सीए फाउंडेशनला बारावीत गणित असण्याची अट नाही, पण त्या परीक्षेत बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा १०० गुणांचा पेपर आहे. म्हणजे गणित टळत नाही, फक्त पुढे ढकललं जातं. अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल तर आणखी जपून: दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.ला बारावीचं गणित लागतं. बीबीए, बीसीए, बीएमएससाठी २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी सुरू झाली आहे. ती कोणत्याही शाखेतून देता येते.

आर्ट्सला विषयांची अट सगळ्यात कमी आडवी येते. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, डी.एल.एड., हॉटेल मॅनेजमेंट, स्पर्धा परीक्षा यांना बहुतांशी शाखा विचारली जात नाही. अपवाद असतात. यूपीएससीची भारतीय वन सेवा घ्या. तिला पदवीत वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, गणित यांसारखा विज्ञानाचा विषय किंवा कृषी, इंजिनिअरिंग वगैरे लागतं. पश्चिम दिंडोरीच्या डोंगराकडच्या, जंगल पाठ असलेल्या मुलाने आर्ट्स घेताना हे माहीत करून घ्यावं.

विषय सुटला, तर परत मिळतो का?

काही वेळा मिळतो. अकरावीच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत, कॉलेजात जागा असेल तर, अर्ज देऊन विषय बदलता येतो. बारावी झाल्यावर राज्य मंडळाच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ घेऊन बसण्याची सोय आहे, म्हणजे राहिलेला एखादाच विषय देता येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही सुटा विषय देता येतो. नीटच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून उत्तीर्ण केलेल्यांनाही परीक्षा देता येईल. त्याआधी तो विषय अकरावी-बारावीत नियमित शिकलेला असणं लागायचं.

म्हणजे जग संपत नाही. पण एक वर्ष जातं. मुलाचं वर्ष गेलं तर घर ‘ठीक आहे’ म्हणतं, मुलीचं गेलं की पाहुण्यांची ये-जा सुरू होते, हे आपल्या भागात कोणी नाकारू नये. मुलींसाठी आणखी एक हिशेब आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ते मिळतं शासनाच्या कॅप फेरीतून प्रवेश घेतला तर. आणि कॅप फेरीत उतरायला आधी पात्रतेचे विषय गुणपत्रिकेवर हवेत.

आज संध्याकाळी एवढं करा

घरातल्या मुलाला किंवा मुलीला आवडू शकतील असे तीन कोर्स एका कागदावर लिहायला सांगा. तीनच. मग सीईटी कक्षाच्या किंवा त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून प्रत्येकाची यंदाची माहितीपुस्तिका उतरवा आणि त्यात ‘पात्रता’ हा शब्द शोधा. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून दादाच्या वेळची पुस्तिका नको, ही वेबसाइटसुद्धा शेवटचा शब्द नको. तिन्ही ओळींत जे विषय सारखे दिसतील ते कागदावर खाली उतरवा आणि तो कागद प्रवेशाच्या दिवशी दाखल्यासोबत फाईलमध्ये ठेवा. खिडकीपलीकडचे क्लार्क ‘विषय कोणते टाकू?’ असं विचारतील तेव्हा मागे रांग असते आणि आठवायला वेळ नसतो.